खालच्या मजल्यावरची बहीण

दोन वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला मी मोबाइलला ओवाळलं. पाटावर डबा उभा केला, डब्याला मोबाइल टेकवला आणि त्यात दिसणाऱ्या भावाच्या कपाळाच्या दिशेनं कुंकवाचं बोट नेलं. काचेला कुंकू लागलं तसे आमचे हे हसायला लागले. भाऊही तिकडं दिल्लीत हसत होता. तेवढ्यात पडद्यात एक हात आला. लाखेच्या लाल बांगड्या घातलेला बाईचा हात. त्यानं भावापुढं मिठाईची ताटली ठेवली आणि आवाज आला, "भैया, पहले मुँह मीठा कीजिए."

"ही कोण?" मी विचारलं.

"खालच्या मजल्यावरच्या दीदी हाईत, अक्का. मला भाऊ मानतात. धा वर्षं झाली राखी बांधतात."

धा वर्षं! आणि मला आज कळतंय. मी निरांजन खाली ठेवलं आणि नेटवर्क गेल्याचं सोंग करून फोन बंद केला. सवत फक्त बायकोलाच असते असं मी तोपर्यंत समजत होते.

हा माझा एकुलता एक भाऊ. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा होता आणि मी पंधराची. दौलताबादच्या किल्ल्याखाली आमचं दोन खोल्यांचं घर होतं. त्याची अंघोळ, त्याचा डबा, त्याच्या चड्डीची तुटलेली नाडी, सगळं माझ्याकडं. शिवण मी त्याच्याच कपड्यांवर शिकले. पुढं शहागंजात ब्लाउज शिवायचं दुकान टाकलं, त्याला चाळीस वर्षं होत आली, पण पहिलं गिऱ्हाईक तोच. लहानपणी तो दिल्लीला जाईन म्हणायचा तेव्हा मी सांगायचे, "अरे, सुलतानानं अख्खी दिल्लीच इथं आणली होती. तू कशाला जातो तिकडं?" तो गेला. सरकारी कचेरीत चिकटला, लग्न केलं नाही, तिथलाच झाला. सुलतानानं आणलेली राजधानी दिल्लीनं थोड्याच वर्षांत परत नेली. माझा भाऊ मात्र तिनं कधी परत पाठवला नाही.

गेल्या वर्षी मी ठरवलं की भाऊ येत नाही तर आपण जायचं. सगळ्या ऑर्डरी वसुबारसेच्या आधीच हातावेगळ्या केल्या, दुकानाला कुलूप लावलं आणि पाडव्याला नवऱ्याला ओवाळणं चुकणार हे ठाऊक असूनही दिल्लीची गाडी धरली. आमचे हे स्टेशनवर म्हणाले, "जा, पण भांडून येऊ नको." मी सोबत दौलताबादची वीस सीताफळं घेतली होती, दुकानातल्या चिंध्यांत एकेक गुंडाळून, म्हणजे दिल्लीला पोचेपर्यंत नेमकी पिकावीत. आणि भावासाठी शिवलेला कुडता. माप घ्यायची गरज नव्हती. ते मला तोंडपाठ आहे.

भावाच्या घराचं दार तिनंच उघडलं. पंचावन्नची असेल, गोरी, बिहारकडची. मी आधी ब्लाउज पाहिला. खांद्यात ढगळ, बाहीला झोळ. फार बरं वाटलं मला.

ते बरं वाटणं काही टिकलं नाही. मी सीताफळं काढून भावापुढं ठेवली तर ती म्हणाली, "दीदी, भैया को एक ही दीजिएगा. शुगर है ना." माझ्याच भावाला, माझ्याच गावचं सीताफळ, हिच्या परवानगीनं! त्याला साखर आहे हे मला माहीत नव्हतं. मी हसून म्हटलं, "मालूम है मेरेकू." कुडता घातला तर तो खांद्यावरून उतरला, छातीशी चार बोटं सैल. चाळीस वर्षांत माझं माप चुकलं नव्हतं. मी मनात म्हटलं, हिच्या हातचं खाऊनच वाळलाय. तो म्हणाला, "असू दे अक्का, लई मऊ कापड हाय." आणि त्यानं कुडत्याचं गळ्यापर्यंतचं बटण लावलं.

दिल्ली पाहायची म्हणजे त्याच्या गाडीतून. पुढच्या सीटवर ती बसायची, कारण तिला मागं बसलं की मळमळतं. मी मागं. चार दिवस मी दिल्लीपेक्षा त्या दोघांच्या मानाच जास्त पाहिल्या. लाल किल्ल्यात ती पुढं, आम्ही मागं. तिनं केलेल्या पुऱ्या, तिनं भरलेल्या पाण्याच्या बाटल्या. "भैया, धूप में मत खड़े रहिए." कुतुबमिनारापाशी मी वर बघत म्हटलं, "हमारे उधर भी मिनार है, दौलताबाद में. इतनाच ऊँचा लगता." आमचा चाँदमिनार याच्यापेक्षा ठेंगणा आहे हे मला माहीत आहे. पण त्या घडीला मी कुतुबमिनारालाही जागा द्यायला तयार नव्हते. ती म्हणाली, "आपकी हिंदी कितनी मीठी है, दीदी," आणि माझं 'नक्को' आणि 'कायकू' भावाला म्हणून दाखवलं. तो खळखळून हसला. त्याला इतकं हसवायला मला लहानपणी काखेत गुदगुल्या कराव्या लागायच्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

लक्ष्मीपूजन झालं आणि पाडव्याच्या पहाटे आम्ही निघालो. आधी आग्रा, मग मुक्कामाला मथुरा. ही कल्पना तिची. भाऊबीजेला मथुरेच्या घाटावर भाऊबहिणीनं हात धरून यमुनेत बुडी मारायची असते, त्यानं भावाचं आयुष्य वाढतं असं तिकडं मानतात. ती दर साली त्याला घेऊन जायची, आदलं एक साल तेवढं चुकलं होतं. दर साली! मी वाटेत हिशेब केला: धा वर्षं राखी, वर ह्या बुड्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. मी पोसलेला, न्हाऊमाखू घातलेला भाऊ, आणि हात धरायला ही.

ताजमहाल समोर आला तेव्हा मी बोलायची थांबले. आमचा मकबरा मी शंभरदा पाहिलाय. पाहुण्यांना दाखवताना मी नेहमी सांगते, "ताजच हाय हा, फक्त जरा लहान." आता कळलं की काय काय लहान आहे. मला आधी मकबऱ्याची कीव आली आणि मग ताजचा राग आला. चौथऱ्यावर चढून आम्ही मागच्या बाजूला गेलो. खाली यमुना, पात्र रुंद आणि पाणी थोडं. "आमचा मकबरा पोरानं आईसाठी बांधलाय," मी तिला ऐकवलं. "बायकोसाठी कुणीही बांधतं." ते मराठीतच निघालं, तिला कळलं नसावं.

मागं वळून पाहिलं तर भाऊ कठड्याच्या सावलीला टेकून खाली बसला होता. कपाळावर घाम. मी पोचायच्या आत तिनं पर्समधून एक बारीक गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवली होती. विचारलं नाही, शोधलं नाही. त्यानंही न बघता ती जिभेखाली धरली. वारा लागावा म्हणून मी त्याच्या गळ्याचं बटण काढायला गेले, लहानपणी ताप आला की काढायचे तसंच. त्यानं माझा हात धरला, पण बटण निघालं होतं.

छातीच्या मधोमध उभी शिवण होती. बोटभर नाही, चांगली वीतभर. शिवणीचं वय मला कळतं. ही ताजी नव्हती, दीड-दोन वर्षांची होती.

कुडत्याचं माप चुकलं नव्हतं. माणूसच कमी झाला होता.

"हे कधी झालं?"

त्यानं बटण परत लावायला घेतलं. ती बोलली. "बाईपास हुआ था ना, दीदी. ग्यारह दिन अस्पताल में थे. आपको... नहीं बताया?"

"सही कुणी केली?"

"अक्का, तुला बीपी हाय, त्यात लग्नसराईचे दिवस व्हते, तू एकटी इतक्या लांब..."

"सही कुणी केली म्हणते मी!"

"मैंने की, दीदी," ती म्हणाली. "रिश्ते में बहन लिख दिया."

मी किती ओरडले ते मला नीट आठवत नाही. आसपासची माणसं ताज सोडून आमच्याकडं पाहत होती एवढं आठवतं. "मेला असतास तर मला फोन कुणी केला असता? हिनं? का मी मोबाइलला ओवाळीतच बसले असते? बहीण हाय ना तुला आता? मग मी कोण?" तो म्हणाला, "अक्का, ऐक तरी." मी म्हणाले, "आजपासून तू मला मेलास."

हे मी बोलले. यमुनेच्या काठावर, छाती फाडून वाचलेल्या भावाला. रागात बोलले असं लोक म्हणतील, पण रागाहून ते वाईट होतं. त्याच्या छातीवर शिवण दिसल्यावर मला पहिलं दुःख कसलं झालं असेल, तर ती शिवण तिनं माझ्या आधी पाहिली याचं.

मथुरेपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून बसले. दिवेलागणीला धर्मशाळेत पोचलो. तिच्या मुलखातल्या बायका तिथं दर साली उतरत. मी न जेवता पडून राहिले.

उजाडता उजाडता अंगणात बायकांचा गलका ऐकून मी उठले. खिडकीतून पाहिलं. पाचसात जणी गोल बसल्या होत्या, मधे शेणाच्या काहीबाही बाहुल्या मांडलेल्या, आणि एकीच्या हातात मुसळ. खालच्या मजल्यावरची त्यांच्यातच होती. तिची पाळी आली तशी ती ठसक्यात म्हणाली, "मेरा भैया मर जाए. साँप डसे, बिच्छू काटे, जम उठा ले जाए मेरे भैया को."

खरं सांगते, मला आनंद झाला. सापडली! धा वर्षांचं सोंग, आणि सणाच्या सकाळी पोटातलं ओठावर आलं. मी धावत भावाच्या खोलीत गेले, बनियनवरच त्याला मनगट धरून ओढत अंगणात आणला. "ऐक! ऐक तुझी बहीण काय बोलती! मरायला बसवलंय तुला!" तिच्यापुढं उभी राहून मी ओरडले, "शरम नाय वाटती? काल गोळी देती, आज मरण मागती?"

बायका पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. भाऊही हसला, पण हळूच. त्यानं माझा खांदा धरून मला खाली पायरीवर बसवलं.

"अक्का, रीत हाय त्यांची. दर भाऊबीजेला करत्यात."

तिनंच मग नीट सांगितलं. त्यांच्याकडं म्हणतात, ज्या भावाला बहिणीनं कधी शिव्याशाप दिले नाहीत त्याला यम आधी उचलतो. म्हणून वर्षातून एकदा बहीण त्याला मनसोक्त कोसते. "फिर जिस जीभ ने कहा, उसको सज़ा," ती म्हणाली. शेजारच्या पानावर काटे होते. मी ओळखले. आमच्या किल्ल्याच्या वाटेवर चप्पल फाडून पायात घुसते ती रिंगणी. तिनं एक काटा उचलला, जीभ बाहेर काढली आणि टोचला. रक्ताचा बारीक थेंब आला. तिनं तो गिळला, डोळे पुसले आणि भावाकडं पाहून हसली.

मी तिच्या ढगळ खांद्याकडं पाहत होते. दिवसभर त्याच्यामागं धावणारी बाई शिंप्याकडं दुसऱ्यांदा माप द्यायला कधी जाणार? खोट्या शिव्या देऊन हिनं खरं रक्त काढलं होतं. मी काल खऱ्या दिल्या, आणि वर उपाशी पडून माझाच रुसवा त्याला दाखवला.

"और है क्या काँटा?" मी विचारलं.

"आपको क्यों, दीदी? आपके यहाँ तो..."

"मैंने कल कोसा उसकू. तुम्हारे सामनेच."

तिनं पान पुढं केलं. भाऊ म्हणाला, "अक्का, नको. तू ते मनानं नव्हती म्हणली."

"मनानंच म्हणलं व्हतं," मी म्हणाले आणि काटा टोचला. जरा जास्तच खोल गेला. शिवणकाम करणाऱ्या बाईला सुई बोटात जायची सवय असते, जिभेत नसते. तोंडात लोखंडासारखी चव आली. लहानपणी त्याच्या दुधाच्या दाताला बांधलेला दोरा मी दातांनी तोडला होता तेव्हा त्याच्या रक्ताची अशीच चव लागली होती.

ऊन वर यायच्या आत आम्ही घाटावर गेलो. तोबा गर्दी, शेवाळानं निसरड्या पायऱ्या, जिकडं तिकडं भाऊ आणि बहिणी. तो मधे, एका अंगाला ती, दुसऱ्या अंगाला मी. मत्सर गेला असं मी लिहिणार नाही. गेला नाही. तो कंबरेएवढ्या पाण्यात उतरला, वळला, आणि त्यानं हात आधी तिच्याकडं केला. तिला पाण्याची भीती वाटते हे त्याला माहीत होतं.

मी पाहिलं, आणि काही बोलले नाही. जीभ अजून हुळहुळत होती.