साळवेसाठी केलेला काढा

१९७० साली नगरच्या ट्रेनिंग ग्राउंडवर रणगाड्याचा ट्रॅक, म्हणजे लोखंडी पट्टा, बदलताना तो माझ्या डाव्या पायावर पडला. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. मेडिकल कॅटेगरी खाली आली आणि मी, केडगावचा रंगनाथ, हुद्दा सवार, ड्रायव्हरच्या सीटवरून उठून थेट ऑफिसर्स मेसच्या बारमागे जाऊन उभा राहिलो. गावात लोक विचारायचे, मिल्ट्रीत काय करतोस? मी म्हणायचो, रणगाड्यावर आहे. बारवर आहे म्हणायला जीभ रेटत नव्हती.

मेसमधल्या एका म्हाताऱ्या दफादारानं मला हे काम शिकवलं. त्यातलं एक ड्रिंक आमच्या स्क्वॉड्रन कमांडर मेजरसाहेबांच्या आवडीचं होतं. व्हिस्की, मध आणि लिंबू. मेसमध्ये त्याला नाव नव्हतं, ‘मेजरसाहेबांचं’ एवढंच म्हणायचे. आता माझ्या पुतण्याचे मित्र त्याला कॉकटेल म्हणतात आणि रविवारी ते करून घ्यायला माझ्या घरी येऊन बसतात. त्यांना सांगतो तेच इथं सांगतो. मध थेट व्हिस्कीत घालू नये. तो विरघळत नाही, तळाशी गोळा होऊन बसतो. मध आणि कोमट पाणी समसमान घेऊन आधी ढवळून पातळ करावं. पाणी उकळतं नको. लिंबू पातळ सालीचं, श्रीगोंद्याकडचं मिळालं तर उत्तम, आणि कापण्याआधी ते तळहाताखाली ओट्यावर लोळवून घ्यावं. एक पेग व्हिस्की, तिच्या निम्मं मधाचं पाणी, त्याहून थोडा कमी लिंबाचा रस. हे सगळं घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बर्फ घालून जोरात हलवायचं. डबा बाहेरून गार लागला की चहाच्या गाळणीनं गाळायचं. पोरं खूश होतात. मी करून देतो, स्वतः घेत नाही.

ऑक्टोबर १९७१ मध्ये रेजिमेंट पंजाबच्या सीमेवर हलली. मेस एका ट्रंकेत आणि एका ट्रकात मावली. बार म्हणजे आता मेजरसाहेबांच्या दोन बाटल्या, मधाची एक बरणी आणि बाजारातून आणलेली लिंबं.

मेजरसाहेबांच्या रणगाड्यावर वायरलेस ऑपरेटर होता लान्स दफादार शमुवेल साळवे. श्रीरामपूरजवळच्या बेलापूरचा. वडील मिशनच्या शाळेत शिक्षक, म्हणून आम्ही साळवेला ‘मास्तर’ म्हणायचो. पंधराव्या वर्षी त्यानं चर्चमध्ये वडिलांसमोर उभं राहून दारूला शिवणार नाही अशी शपथ घेतली होती. रम मिळायच्या दिवशी तो आपला पेग दुसऱ्याच्या मगात ओतायला लावायचा. त्या दिवशी त्याला मित्रांची कमी पडायची नाही. आम्ही दोघे नगर जिल्ह्याचे, त्यामुळे एकमेकांशी बोलताना घरचीच भाषा तोंडात यायची. तेवढंच बरं वाटायचं.

नोव्हेंबरात धुकं पडू लागलं आणि साळवेला खोकला झाला. ऑपरेटरचा खोकला ही साधी गोष्ट नाही. सेटचं बटण दाबलं की तो बोलून होईपर्यंत वायरलेसच्या नेटवर दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. तो खोकत बसला तर अख्खी स्क्वॉड्रन खोकला ऐकत बसते. डॉक्टरांचं लाल औषध आठवडाभर चाललं. फरक शून्य.

एका संध्याकाळी साडेसहाला मेजरसाहेबांनी मला बोलावलं.

“शुक्रवारपर्यंत साळवेचा घसा ठीक झाला नाही तर त्याला मागे ठेवणार. दुसरा ऑपरेटर घेईन. तुझ्याकडे काही उपाय?”

“तुमचंच ड्रिंक आहे, सर. गरम पाण्यात करून. पण तो घेणार नाही.”

साहेब म्हणाले, “माझ्या बाटलीतून घे. त्याला सांगू नकोस.”

“सर.”

आपल्याला मागे ठेवणार, हे साळवेच्या कानावर कुणीतरी घातलं होतं. तो माझ्या ट्रकाजवळ आला तेव्हा त्याचा चेहरा पडला होता. म्हणाला, “रंगा, टँक सोडून ट्रकात बसायचं म्हंजे तुझ्यावानी गिलास धूत ऱ्हायचं. त्यापरीस मेलेलं बरं.” मला राग आला नाही. तो बोलला ते माझ्याच मनातलं होतं.

मी स्टोव्ह पेटवला. मध कोमट पाण्यात ढवळला, लिंबू पिळलं, वरून साहेबांच्या बाटलीतला एक पेग ओतला आणि गरम पाण्यानं मग भरला. दोन लवंगा टाकल्या, वास झाकायला. त्याच्या हातात मग देऊन म्हणालो, “ह्यो काढा हाय. आमच्या आईचा.”

त्यानं पहिला घोट घेतला आणि मगावरून माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश सगळा पिऊन टाकला. “लई गरम हाय,” एवढंच बोलला.

तीन संध्याकाळी मी काढा दिला. शुक्रवारी मेजरसाहेबांनी त्याला सेटवर बसवून एक ते वीस आकडे म्हणायला लावले. दुसऱ्या टोकाकडून उत्तर आलं, “लाउड अँड क्लिअर.” साळवे रणगाड्यावर राहिला. त्या दिवशी मला वाटलं, आपण मैदान मारलं.

डिसेंबरात लढाई सुरू झाली. आम्ही सीमा ओलांडली. मोठ्या हल्ल्याच्या आदल्या दिवशी दुपारी तीन वाजता रणगाडे एका आमराईत डिझेल भरत उभे होते. मी ट्रकातून चहा आणि डाक घेऊन गेलो. फिल्डमध्ये डाक वाटायचं काम माझ्याकडेच होतं. साळवेचं एक इनलँड पत्र होतं. त्यानं ते ट्रॅकला टेकून उभ्याउभ्या वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग घडी करून डांगरीच्या वरच्या खिशात ठेवलं आणि बटण लावलं.

दोन दिवसांच्या धुळीनं त्याचा खोकला परत आला होता. मी थर्मासमध्ये काढा करून आणलाच होता. मग भरून पुढे केला.

“नको,” तो म्हणाला.

“घे की. उद्या सेटवर बोलायचं हाय.”

“न्हाई, रंगा. बाबांनी नको म्हनलंय.”

माझ्या हातातला मग तसाच राहिला. “तुला ठाव हुतं?”

“पयल्या घोटालाच.”

“मंग प्यालास कशाला?”

“मला टँकवर ऱ्हायचं हुतं. आन् तू येवढ्या थंडीत माझ्यासाठी ढवळत बसला हुतास. न्हाई कसं म्हनू?” त्यानं खोकून घेतलं. “बाबांना मीच लिवलं सगळं. त्यांच्याशी खोटं नाय बोलता येत.”

“काय म्हनत्यात ते?”

“रागावल्यात.” तो हसला आणि रणगाड्यावर चढला. मी काढा झाडाच्या बुंध्याशी ओतला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ०५:४० ला रणगाडे निघाले. आमच्या गाड्या तीन मैल मागे थांबल्या. शेजारच्या जीपमध्ये सेट चालू होता, तो मला ट्रकात बसून ऐकू येत होता. ०८:१० ला साळवेचा आवाज आला. दारूगोळा कमी पडत होता, तो मागवत होता. मधेच खोकला सुरू झाला.

“से अगेन, ओव्हर.”

पुन्हा खोकला. मग आकडे नीट आले, एकेक, सावकाश. “रॉजर, आउट.”

०८:२५ ला मेजरसाहेबांच्या रणगाड्याला गोळा लागला. आग लागली. साहेब, गनर आणि ड्रायव्हर भाजलेल्या अंगानं बाहेर पडले. साळवे बाहेर पडला नाही.

खोकल्यामुळे काही बिघडलं असं कुणी म्हणालं नाही. मीही म्हणत नाही. पण नोव्हेंबरात मी तो काढा केला नसता, तर त्या सकाळी साळवे माझ्या शेजारी ट्रकात बसून मला टोमणे मारत असता. हे मला तेव्हा कळलं आणि आजही त्यात काही बदल झालेला नाही.

मार्च १९७२ मध्ये मला रजा मिळाली. चार दिवस केडगावात काढले. पाचव्या दिवशी नगरहून एसटी धरून बेलापूरला गेलो. जायचं मनात नव्हतं, पण न जाऊन घरात बसवतही नव्हतं.

साळवे गुरुजींचं घर दोन खोल्यांचं, शाळेला लागून. साळवेच्या आईनं दार उघडलं. मी नाव सांगितलं तशी त्यांनी माझा हातच धरला.

“तुमीच का रंगनाथ? या, बसा. शमूनं लिवलं हुतं, तुमी काढा करून दिला आन् त्याचा घसा मोकळा झाला. मला कुठं वाचता येतंय? ह्यांनी वाचून दाखवलं.”

गुरुजी खिडकीपाशी खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नजर जमिनीकडे नेली. मी समजलो. त्यांनी पत्र वाचून दाखवलं होतं, पण सगळं नाही.

साळवेच्या आईला मी मावशी म्हणू लागलो. त्या आत जाऊन मधाची बाटली आणि दोन लिंबं घेऊन आल्या. “मला दावा कसा केला त्यो. मी रोज करून बघती, पर तुमी केला तसाच पायजे. माझ्या लेकराच्या घशाला ज्यानं आराम पडला, त्यो मला बघायचाय.”

नाही म्हणायची सोय नव्हती. मी चुलीपुढे बसलो. पाणी कोमट केलं, त्यात मध ढवळला. लिंबू पाटावर लोळवून पिळलं. दोन लवंगा टाकल्या. त्या माझ्या हाताकडे टक लावून बघत होत्या.

“आनखी काय?”

“एवढंच, मावशी.”

त्यांनी अर्धा पेला प्यायला आणि पदरानं तोंड पुसलं. “माझ्याच हातचा लागतोय की,” त्या म्हणाल्या. “म्हंजे माझ्या लेकराला तिथं घरचंच मिळालं म्हना.”

गुरुजी उठले आणि पायात चपला सरकवल्या. “चला, तुमच्या एसटीची वेळ झाली.” एसटीला अजून तासभर होता.

आम्ही प्रवरेच्या कडेनं चालत निघालो. उसाच्या दोन गाड्या गुरुजींनी पुढे जाऊ दिल्या.

“त्यात काय होतं ते मला माहीत आहे,” ते म्हणाले.

“चूक माझी, गुरुजी. मी त्याला न सांगता घातली.”

“त्याला कळलं होतं. कळूनही तो प्यायला, असं त्याने लिहिलं. लपवलं नाही काही. मी उलट टपाली उत्तर पाठवलं. शपथ मोडलेल्या तोंडाने माझ्या घरी येऊ नकोस, असं लिहिलं मी.”

पत्रात काय होतं ते मला तोवर माहीत नव्हतं.

“त्याचं सामान आलं,” गुरुजी म्हणाले. “ट्रंक, बायबल, घड्याळ. ते पत्र त्यात नव्हतं. माझ्याकडे परतही आलं नाही. तुम्ही तिथे होतात. माझं पत्र त्याला मिळालं का?”

त्यांनी माझी बाही धरली होती. फौजेत प्रश्न विचारला की हो किंवा नाही सांगायचं असतं, आणि खरं सांगायचं असतं. साळवे हसून रणगाड्यावर चढला तो माझ्या डोळ्यांसमोर आला.

“नाही, गुरुजी. त्या आठवड्याची डाक पुढं आलीच नाही.”

“नक्की?”

“नक्की. डाक मीच वाटायचो.”

त्यांनी बाही सोडली. रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि रडले. मी बाजूला उभा राहिलो. काही वेळानं ते उठले, मला स्टँडवर आणलं आणि एसटी हलेपर्यंत हात जोडून उभे राहिले. आपण एका म्हाताऱ्याचा जीव वाचवला, अशा समाधानात मी नगरला उतरलो.

गुरुजी त्यानंतर नऊ वर्षं जगले. दर नाताळाला त्यांचं कार्ड यायचं. मावशींचा काढा रोज चालू आहे, असं त्यात असायचं. मीही उत्तर पाठवायचो. मावशी गेल्या, मग गुरुजी गेले, आणि त्यानंतर मला माझ्या उत्तरातली खोट दिसली. माझा मेंदू तसा पहिल्यापासून सावकाश चालतो.

पत्र पोहोचलंच नाही असं मी म्हणालो, तेव्हा मुलगा दुखावून गेला नाही एवढं गुरुजींना कळलं. पण मग मुलगा शेवटपर्यंत तो काढा पीत राहिला, असंच त्यांनी धरलं असणार. दुसरं काय धरणार? मी बापाचा अपराध पुसायला गेलो आणि त्याच फडक्यानं मुलाचं नावही पुसून बसलो. नऊ वर्षं दर नाताळाला मला ते दुरुस्त करता आलं असतं. एका पोस्टकार्डात मावलं असतं.

आता ऐकायला त्यांच्या घरचं कुणी उरलं नाही. म्हणून हे तुमच्यापुढे मांडतो.

लान्स दफादार शमुवेल साळवे, वायरलेस ऑपरेटर, राहणार बेलापूर. वडिलांचं पत्र त्याला दुपारी तीन वाजता मिळालं. त्यानं ते दोनदा वाचलं. त्यानंतर मी दिलेला मग त्यानं हातात घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोरड्या घशानं, खोकत खोकत, शेवटचा आकडा नीट सांगून गेला.