साडेपाचची गाडी आणि मामांचे सिनेमे

माझ्या बायकोच्या मामांइतका सिनेमाचा अधिकारी माणूस मुरबाड तालुक्यात झाला नाही, आणि शहापूर तालुक्यात झाला असेल तर त्याने मामांच्या धाकाने तोंड उघडलेलं नाही. माझी बायको लहानपणापासून मामांकडेच वाढली, त्यामुळे धसईच्या अलीकडचं ते गाव हेच तिचं माहेर आणि मामा-मामी हेच माझे सासू-सासरे. लग्नानंतर पहिल्यांदा मी कल्याणहून तिथे गेलो तेव्हा जावयाला पाटावर बसवून, गुळाचा खडा हातावर ठेवून मामांनी पहिला प्रश्न विचारला तो नोकरीचा नव्हता, पगाराचा नव्हता. त्यांनी विचारलं, "जावईबापू, कल्यानला ह्या महिन्यात तांदूळ कोनचा निघाला?" मी आपला भाबडेपणाने म्हणालो, कोलम. मामांनी मामींकडे असं काही पाहिलं, की पोरगी चुकीच्या घरी पडली हे त्यांना मनोमन पटलं असावं.

खुलासा असा, की मामांची भातगिरणी होती आणि जगातल्या सगळ्या गोष्टी ते गिरणीतून काढून बघत. सिनेमांचंही तेच. मुरबाडच्या पत्र्याच्या टॉकीजमध्ये दर आठवड्याला पिक्चर बदले. तो मुंबईत येऊन जुना झालेला असे, पण मुरबाडला नवा तो नवा. मामा दर आठवड्याला तिथे जात. निमित्त गिरणीच्या पट्ट्याचं. तो पट्टा इतक्या वेळा तुटला, की दुसऱ्या कोणीही गिरणीच बदलली असती. महिन्याकाठी चार पिक्चर झाले, की शेवटच्या रविवारी दळायला आलेल्या मंडळींसमोर, पोत्यांच्या थप्पीवर बसून मामा निकाल सांगत. पहिला नंबर 'अख्खा तांदूळ', दुसरा 'कणी', तिसरा 'कोंडा' आणि चौथा 'तूस'. कोंडा म्हशीला चालेल असा, तूस चुलीत घालावं असं. कणीला मात्र कोणी नावं ठेवलेली त्यांना खपत नसत. "कनीची पेज आजारी मानसाला चालते. तांदूळ नाय चालत तवा," असं ते दटावत. चारही पिक्चर टाकाऊ असले तरी एकाला तांदूळ व्हावंच लागे, कारण गिरणीत भात घातलं की थोडा तरी तांदूळ निघतोच. आणि चारही उत्तम असले तरी एकाच्या कपाळी तूस ठरलेलं. असल्या एका गुणी सिनेमाबद्दल मामा हळहळून म्हणाले होते, "पिक्चर चांगला, पन महिना चुकला बिचाऱ्याचा."

मामांच्या कसोट्याही घरच्या होत्या. नायिका डोक्यावर चुंबळ न ठेवता हंडा घेऊन आली, की पिक्चर एक पायरी खाली. नायक पांढरी विजार घालून चिखलणीला उतरला, की दोन पायऱ्या खाली. एका सिनेमात पिवळ्याधमक शेतातून नायक-नायिका भर पावसात गाणं म्हणत पळतात, त्यावर मामा इतके संतापले की गिरणी बंद करून बोलले. "कापनीच्या टायमाला पाऊस पडतोय आनि ही दोघं नाचतात! आरे, भात किती भिजलं ते बगा आधी!" याउलट एका खलनायकाने मारामारीला निघण्यापूर्वी आपल्या माणसांना पोटभर जेवायला घातलं, एवढ्या एका कारणावर तो पिक्चर तांदूळ ठरला. लोक हसत, पण ऐकतही. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जायला निघालेली वाडीवरची माणसं गिरणीवर येऊन सांगत, "मामा, एक तांदूळ सांगा, जरा लांबडा सांगा, पावसाल्यापतूर पुरला पायजे." मग मामा गिरणी थांबवून दुपारभर सांगत, आणि ती माणसं गोष्ट गाठीला बांधून भिवंडीकडच्या भट्ट्यांवर जात.

आता मी स्वतः वर्तमानपत्रातली परीक्षणं वाचणारा माणूस. मला हे सगळं ऐकताना मौज वाटे आणि जरा वरचढही वाटे. एका रविवारी मामा सांगत होते तो पिक्चर मी कल्याणला पाहिलेला होता. दोन भाऊ, एक वाईट मार्गाला लागलेला, आणि खोकणारी आई. मामा शेवटाला आले. वाईट भाऊ सुधारून घरी येतो, सावकार जमीन परत करतो, आईचा खोकला थांबतो आणि दारात दोन मांडव पडून दोघा भावांची लग्नं एकदम लागतात. मला राहवलं नाही. मी म्हणालो, "पण मामा, तो धाकटा भाऊ तर गोळी लागून आईच्या मांडीवर मरतो."

सगळ्या मंडळींनी मामांकडे पाहिलं. मामांनी माझ्याकडे जावई म्हणून जेवढं सौम्यपणे बघता येईल तेवढं बघितलं आणि म्हणाले, "कल्यानला मरत आसंल. मुरबाडला नाय मेला." मंडळींनी माना डोलावल्या. कल्याणला काय, काहीही होतं. त्या पिक्चरला तर मामांनी तांदळाच्याही वरचा, एकदाच दिलेला नंबर दिला: 'बियाणं'. म्हणजे खायचं नाही, जपून ठेवायचं.

पुढच्या खेपेला मी हट्टाने त्यांच्याबरोबर मुरबाडला गेलो आणि कोडं उलगडलं. तीनचा खेळ मालकाला पुरेशी माणसं दिसल्यावर सुरू होई, आणि गावची शेवटची एसटी साडेपाचला सुटे. नायकाला साखळदंडांनी बांधलं आहे, गोदामात पिंपं रचली आहेत, अशा ऐन रंगात मामांनी माझं मनगट धरलं. "उठा, यष्टीचा टाइम झाला." इतक्या वर्षांत या माणसाने एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता! शेवट ते गाडीत लावत. खिडकीशी डोळे मिटून बसत, ओठ पुटपुटत, आणि कंडक्टरसुद्धा त्यांना तिकिटासाठी हाक न मारता बाकीच्यांना म्हणे, "र्‍हाऊ द्या, मामा शेवट लावतायत." गाडी वेळेवर पोचली तर शेवट आटोपशीर होई. वाटेत टायर पंक्चर झालं तर सिनेमात एखादं बारसंही होऊन जाई. कधी शहापूरच्या टॉकीजला गेले, तर परतीच्या दोन गाड्या गाठायला त्यांना मध्यंतरानंतर एका गाण्यातच उठावं लागे. शहापूरचे पिक्चर मुरबाडच्या पिक्चरपेक्षा नेहमी वरच्या नंबराने पास का होतात, ते मला तेव्हा समजलं. त्यांत मामांचा वाटा मोठा असे.

पुढे संध्याकाळी सातची गाडी सुरू झाली. मला वाटलं, आता मामा शेवट बघतील. पण मामा साडेपाचच्याच गाडीने घरी. मी बायकोला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मामीमुळे." मामींनी टॉकीजचं तोंड कधी पाहिलं नाही. अंधारात कोंडल्यासारखं होतं, आणि म्हशी कोणाच्या भरवशावर टाकायच्या, अशी त्यांची दोन कारणं. त्या दिवेलागणीला चुलीपुढे भाकऱ्या थापत मामांकडून सिनेमा ऐकत. मामींशी लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी मामांनी शहापूरला बहिणीकडे मुक्काम करून एक पिक्चर अख्खा पाहिला आणि जसाच्या तसा घरी येऊन सांगितला. त्यात शेवटी नायिका मरते. मामींनी ते इतकं मनाला लावून घेतलं की त्या दोन दिवस धड जेवल्या नाहीत, म्हशीखाली बसल्या नाहीत. आणि म्हैस दुसऱ्या कोणाला हात लावू देईना. तिसऱ्या दिवशी मामांनी चुलीपुढे बसून सांगितलं, की आपल्याकडून चूक झाली, ती बाई मेली नव्हती, नुसती चक्कर आली होती. तेव्हापासून त्यांनी शेवट बघायचा सोडला तो सोडलाच. हे ऐकून मी हसलो खरा, पण त्यानंतर मामांचा शेवट दुरुस्त करण्याची माझी हिंमत झाली नाही.

मग गावात केबल आली. वाईट बातमी टोकावड्याहून निघाली तरी गावात पोचायला वेळ लागतो, पण ही घरोघर तारेने पोचली. लोकांनी मामांचे जुने तांदूळ टीव्हीवर पाहिले आणि त्यांत मुडदेच मुडदे निघाले. गिरणीवर टवाळी सुरू झाली. "काय मामा, चक्कर आली वाटतं त्याला?" असं तरणी पोरं विचारत. मामा ते हसण्यावारी नेत. त्यांना धास्ती होती ती वेगळीच. माझ्या बायकोने हौसेने मामींसाठी टीव्ही घेऊन दिला होता, आणि एका रविवारी दुपारी लागणार होता नेमका तो दोन मांडवांचा पिक्चर. बियाणं!

मी त्या दिवशी तिथेच होतो. सकाळपासून मामा लोडशेडिंगची वाट बघत होते. एरवी वीज गेली की वीजवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करणारा हा माणूस अंगणात उभा राहून तारेकडे आशेने बघत होता. वीज काही जाईना. त्यांनी मामींना म्हैस गाभण वाटतेय, बघून ये, म्हणून सांगितलं. मामींनी ती गेल्या महिन्यातच व्याल्याची आठवण करून दिली. शेवटी मामा येऊन पलंगाच्या कडेला बसले आणि मला हळूच म्हणाले, "जावईबापू, आता हिला कलनार. पंचवीस वर्सं खोटं सांगितलं तिला मी." त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मला त्यांच्याकडे बघवेना. पडद्यावर धाकटा भाऊ गल्लीतून पळत होता, मागे पोलीस होते, आई दारात येऊन खोकत होती. आता गोळी सुटणार.

मामी उठल्या आणि त्यांनी टीव्ही बंद केला.

"अगो, का बंद केलास?" मामा चाचरत म्हणाले.

मामी पदराने हात पुसत म्हणाल्या, "साडेपाचची यष्टी जाईल ना तुमची. सांगा आता पुडचं." मग त्या भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "मला काय येडी समजता? सगल्या जगात येवडी लग्नं लागतात व्हय? पन तुमी सांगता ते बरं वाटतं मला. सांगा." मामांनी डोळे मिटले, घसा खाकरला आणि सांगायला लागले. त्या दिवशी दारात तीन मांडव पडले. तिसरा सावकाराच्या मुलीचा होता.

मामा जाऊन आता काही वर्षं झाली. गिरणी बंद आहे. मुरबाडची ती टॉकीजही मोडली, तिथे आता लग्नाचा हॉल झाला आहे. मागच्या महिन्यात मामींना बरं नाही म्हणून आम्ही भेटायला गेलो होतो. त्या उशाला टेकून टीव्ही बघत होत्या. कुठलासा पिक्चर चालला होता, नायक दवाखान्यात निपचित पडला होता आणि डॉक्टर चष्मा काढत होता. मामींनी टीव्ही बंद केला. बायको स्वयंपाकघरात होती. खोलीत आम्ही दोघेच. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जावईबापू, पुडं काय झालं?"

पुढे काय होतं ते मला ठाऊक होतं, मी तो पिक्चर पाहिलेला होता. मी डोळे मिटले. आधी नायकाला शुद्धीवर आणलं, मग त्याच्या रुसलेल्या बापाला गावाहून बोलावलं, मोठ्या कष्टाने त्यांची दिलजमाई केली आणि सगळ्यांना घरी पोचवून दारात एक मांडव घातला. घातला कसला, नुसते चार बांबू उभे केले. मला मामांसारखं कुठलं जमायला! डोळे उघडले तेव्हा मामी माझ्याकडेच बघत होत्या.

"कनी हाय," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "पन आजारी मानसाला चालते."