दोन मतांची शिकवणी

पंचविशीत मला ग्रामपंचायतीचा मेंबर व्हायचं होतं. कारण विचाराल तर एवढंच, की एसटीच्या स्टँडवर लोक मेंबरला उठून जागा देत आणि मला कोणी देत नसे. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं, नवी जनगणनाही झाली होती. वरवट बकालजवळच्या आमच्या गावातली डोकी वाढली, म्हणून आमच्या वॉर्डाला एकाच्या दोन जागा मिळाल्या. ती वाढीव जागा सरकारने माझ्यासाठीच काढली, असं मी मनोमन ठरवून टाकलं.

वॉर्डात दोन पुरे, म्हणजे दोन वस्त्या. वरच्या पुऱ्यात आमची भावकी, खालच्या पुऱ्यात बौद्ध कुटुंबं. डोकी आमची जास्त, म्हणजे दोन्ही जागा आमच्या, एवढं गणित मॅट्रिकला गटांगळ्या खाल्लेल्या माणसालाही जमत होतं. उमेदवार चार: माझे चुलतकाका, एक किराणा दुकानदार, मी, आणि खालच्या पुऱ्यातला एक शेतकरी. त्याला आपल्या पुऱ्यात विहीर हवी होती. तिथल्या बायका उन्हाळाभर आमच्या विहिरीपासून लांब घागरी मांडून बसत, कोणी वरून पाणी ओतेल याची वाट पाहत. पण तो गडी नुसता हौसेखातर उभा राहिलाय, असं आम्ही ओट्यावर बसून एकमताने ठरवलं होतं.

दोन जागा, म्हणून प्रत्येकाला दोन मतं. यातली खुबी गावात फक्त मला कळली होती, आणि कळलेलं पोटात ठेवणं मला कधी जमलं नाही. मी खालच्या पुऱ्यात प्रचाराला गेलो, माणसं जमवली आणि दोन बोटं वर केली.

“हे पाहा, दोन शिक्के मारलेच पाह्यजे असं काही नाही. एकच मारा. दुसरं मत दुसऱ्याले देलं, का तोच तुमच्या मानसाच्या पुढं निंगून जाते.” मी एक बोट दुमडून दाखवलं. ‘तुमचा माणूस’ म्हणजे मीच, हे वेगळं सांगायची गरज मला वाटली नाही.

एका म्हातारीने विचारलं, “मंग ते मत वाया नाही जात का, भाऊ?”

“जाऊ द्या वाया. त्यानं पह्यलं मत मजबूत होते.”

“हाव,” ती म्हणाली. सगळ्यांनीच माना डोलावल्या. मी ते दोघातिघांकडून पुन्हा वदवूनही घेतलं. परतताना छाती अशी फुगली होती की सदऱ्याची गुंडी सांभाळावी लागली. घरी मात्र ही शिकवणी घेतली नाही. घरची मतं जातात कुठे?

मोजणीत काका पहिले आले. दुसरा आला खालच्या पुऱ्यातला शेतकरी. त्याच्या लोकांनी एकेकच शिक्का मारला होता, आणि तो त्याच्यावरच. मी थोडक्यात पडलो.

घरी वडील निवांत सुपारी कातरत बसले होते. “एक मत काकाले देलं,” ते म्हणाले, “वडीलधारा मानूस. दुसरं दुकानदाराले. सकाळीच हात जोडून गेला बिचारा.”

“आन् मले?”

“तुले काऊन? तू तं घरचाच हायेस.”

आईनेही तसंच केलं होतं. नंतर चौकशी केली, तर भावकीतल्या घराघरात हाच न्याय. संख्या आमची होती, पण ती सगळी शिष्टाचारात खर्ची पडली होती.

संध्याकाळी खालच्या पुऱ्याची मिरवणूक आमच्या दारावरून गेली. तीत ती म्हातारी दिसली आणि माझा तोल सुटला. “आजी, तुमी तं मले हाव म्हटलं होतं.”

“म्हटलं ना. समजलं म्हून हाव म्हटलं,” ती म्हणाली. “बढिया समजावलं तुमी.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, तेच मला जास्त लागलं. त्या रागात मी कित्येक दिवस त्या बाजूला फिरकलो नाही.

पुढे नव्या मेंबरने पंचायतीत भांडून खालच्या पुऱ्यासाठी विहीर मंजूर करून घेतली, आणि बायकांचं ते ताटकळणं थांबलं. ही विहीर माझ्या शिकवणीमुळे झाली, असं मी पुष्कळ वर्षं लोकांना ऐकवत असे. मेंबर झालो असतो तर विहीर मीही केलीच असती. तिच्यासाठी जागासुद्धा पाहून ठेवली होती, आमच्या गोठ्यामागे.