मॅडमनी दिलेले गुरुवार

खैरनार मॅडम आज पहाटे गेल्या.

मला अजून रडू आलेलं नाही. येईल तेव्हा येईल.

मॅडम आमच्या ॲनेस्थेशिया डिपार्टमेंटच्या हेड. मी त्यांच्या हाताखाली शिकणारी रेसिडेंट डॉक्टर होते. एका सोमवारी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन म्हणाले, "मॅडम, मी सीट सोडतेय."

"लग्न ठरलं?"

"नाही. पर्सनल आहे."

"मग पर्सनलच विचारते. घरी कोण असतं?"

"आई-बाबा. ओझरला."

"कसे आहेत?"

"ठीक."

"ऑपरेशन थिएटरमध्ये मी पेशंटबद्दल विचारल्यावर 'ठीक' म्हणतेस का? नीट सांग."

मग केस प्रेझेंट करतात तसं सांगितलं. आईला ओव्हरीचा कॅन्सर, थर्ड स्टेज. दर गुरुवारी किमो. बाबांना कमी दिसतं, तरी स्कूटरवर तेच नेतात.

"सुट्टी का नाही मागितलीस?"

"ड्युटीची ॲडजस्टमेंट लहान बाळं असणाऱ्यांना मिळते. मी सिंगल आहे."

"असं कोण म्हणालं?"

"कोणी नाही. तसंच चालतं."

मॅडमनी ड्युटीचा तक्ता पुढे ओढला.

"चूक आहे. माझी आहे. सीट सोडायची नाही. जा, ऑपरेशनची लिस्ट सुरू झाली असेल."

पाठीवरून हात नाही, सहानुभूती नाही. मला तेच बरं वाटलं.

त्या गुरुवारपासून मी आईबरोबर किमोला जायला लागले आणि ऑपरेशन टेबलापाशी माझ्या जागी मॅडम स्वतः उभ्या राहायला लागल्या. हेड ऑफ डिपार्टमेंट.

आमचे एक सर्जन म्हणाले, "ज्युनिअरची कामं तुम्ही करणार? मग आम्ही काय, झाडू मारायचा?"

"मारा की. थिएटर तरी स्वच्छ राहील."

पुढे डिपार्टमेंटचा नियमच झाला. बाळ असो, म्हातारे आई-वडील असोत, आजारी भाऊ असो. कारण सांगायचं, कोणीतरी जागेवर येणार.

किमो चालू असताना आई विचारायची, "अगं, तुझ्या पेशंटपाशी कोण आहे आत्ता?"

"मॅडम."

"मग बरंय."

आणि डोळे मिटायची.

पुढच्या उन्हाळ्यात आई गेली.

औषधाने व्हायचं तेवढंच झालं. पण मॅडमशी बोलल्यानंतरच्या एकाही गुरुवारी आई माझ्याशिवाय नव्हती. माझ्याकडे तेवढं आहे. आणि मी भूलतज्ज्ञ झाले, तेही.

आज ऑपरेशनची लिस्ट रद्द केली नाही. पेशंट उपाशीपोटी वाट बघत होते.

ज्यांची आज सुट्टी होती ते ज्युनिअर सकाळीच आले, म्हणाले, "तुम्ही अंत्यदर्शनाला जा, आम्ही आहोत."

त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

मॅडम, म्हणून तुम्हाला शेवटचं बघता आलं.

नमस्कार करते. या आता.