मार्वेच्या धक्क्यावरचं भांडण

रत्नप्रभा धुरीला एका जागी बसवत नसे. बोरीवलीच्या त्या दोन खोल्यांत तिने कपाटाची जागा इतक्यांदा बदलली होती की फरशीवर ओरखडेच ओरखडे उठले होते. रविवारी दुपारी अख्खी बिल्डिंग जेवून आडवी व्हायची. ही मात्र गॅलरीतून स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघरातून गॅलरीत फेऱ्या मारायची. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडायचं, "काय गं रत्ना, आज परत कपाट का?"

कांदिवलीच्या एका कारखान्यात ती टेलिफोन ऑपरेटर होती. दिवसभर तोंड चालू, पण त्यातलं एकही वाक्य तिचं नसे. नमस्कार, कोण पाहिजे, जरा थांबा, साहेब मीटिंगमध्ये आहेत. समोरचा कितीही चिडला तरी आवाज गोडच ठेवायचा. म्हणून संध्याकाळी घरी येईपर्यंत तिच्या घशाशी दिवसभराचं सगळं साठलेलं असायचं. घरी ऐकायला होता जयवंत, तिचा नवरा. तो ऐकायचा. म्हणजे पेपर खाली ठेवायचा, तिचं संपेपर्यंत तिच्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "बरं."

जयवंत माणूस चांगला होता. दारूचा थेंब नाही, पगार घरात, बायकोवर कधी आवाज चढवला नाही. रत्नप्रभाची बहीण म्हणायची, "नशीब काढलंस बाई." ते खरंच होतं, त्यामुळे रत्नप्रभाला तक्रार तरी काय करावी ते कळत नसे. मूल नव्हतं. डॉक्टरांनी दोघांना बोलावलं तेव्हा ती एकटीच जाऊन आली होती. घरी येऊन तिने सांगितलं, "माझ्यात काही दोष नाही म्हणाले." तेव्हाही तो म्हणाला होता, "बरं." पुढे त्या विषयावर घरात कुणी शब्द काढला नाही.

चौऱ्याऐंशी साली त्यांच्याच बिल्डिंगमधल्या श्यामकांत नावाच्या बँकेतल्या माणसाने जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये फिल्म क्लब सुरू केला. महिन्यातून एका रविवारी सकाळी खिडक्यांना काळे पडदे लावायचे, मधोमध प्रोजेक्टर मांडायचा आणि परदेशी सिनेमे दाखवायचे. बहुतेक सिनेमे असे असत की माणसं नुसती पावसात उभी. रत्नप्रभा पहिल्यांदा गेली ती केवळ घरात बसवेना म्हणून. सोबत शेजारच्या चंपाबेनना घेतलं. त्यांना इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण पंखा आणि खुर्ची फुकट होती.

त्या दिवशी लागला तो पन्नास वर्षांपूर्वीचा अमेरिकन विनोदी सिनेमा, काळापांढरा. नवरा-बायको घटस्फोट घ्यायला कोर्टात निघालेत आणि शहरात टॅक्सी उरलीय एकच. त्या टॅक्सीत आधीपासून बसलाय कुणाचातरी पाळीव हंस. बस, एवढीच गोष्ट. पण ती बाई बोलायला लागली आणि रत्नप्रभा खुर्चीच्या कडेवर आली. एका श्वासात ती दहा गोष्टी बोलत होती. नवरा तिचं वाक्य मध्येच तोडत होता, ती त्याचं तोडत होती. दोघं जिन्यावरून बोलत धावत, पाण्यात पडत, पाण्यातही बोलत. ऑफिसात शिकलेल्या इंग्रजीतून रत्नप्रभाला निम्मं कळलं. उरलेलं कळायची गरजच नव्हती. शेजारी चंपाबेन तोंडाला पदर लावून गदगदा हलत होत्या. मागे एक रिटायर्ड गृहस्थ, एरवी कधी हसतील असं वाटत नसे, त्यांना ठसका लागला होता. रीळ बदलायला थांबले तेव्हा लोक एकमेकांकडे अनोळखी नजरेनं बघत होते. आपण एवढं का हसतोय, हेच त्यांना उमगत नव्हतं.

हसता हसता रत्नप्रभाच्या डोळ्यांत पाणी आलं. का आलं ते तिला घरी येताना जिन्यात कळलं. त्या सिनेमात कुणाचंही वाक्य रिकाम्या जागी पडत नव्हतं. बाईने काही फेकलं की तो झेलायचा आणि दुप्पट जोराने परत फेकायचा. दोघं एकमेकांना सोडून पळत होती, पण पळताना मान मागेच वळलेली. तो मागे येतोय ना?

मग ती दर महिन्याला जायला लागली. श्यामकांतच्या मागे लागली, "तसलेच आणा हो, भांडाभांडीचे." तो म्हणायचा, "वहिनी, ते जुने झाले. आता जग पुढे गेलंय." पण रशियन सिनेमाला दहा डोकी आणि भांडाभांडीला खुर्च्या कमी, हे त्यालाही दिसत होतं. तो आणायचा.

एका शनिवारी संध्याकाळी तिने जयवंतला एक अख्खा सिनेमा करून दाखवला. नवऱ्याचं काम केलं, बायकोचं केलं, दोघांच्या मध्ये अडकलेल्या जाड्या वकिलाचंही केलं. मोरीच्या दारात घसरून पडायचं नाटक करताना खरोखरच गुडघ्याला लागलं. ती धापा टाकत उभी राहिली. जयवंत म्हणाला, "बरं आहे." आणि मग, "आमटी गरम केलीस का?"

तिने आमटी गरम केली. पण रात्रभर तिच्या छातीत काहीतरी येरझारा घालत राहिलं.

सकाळी जयवंत भाजी आणायला गेला तशी तिने पिशवीत टॉवेल, साडी आणि चपात्यांचा डबा टाकला. ऑफिसातली नीला नेहमी सांगायची, मार्वेहून होडीने मनोरीला जा, समुद्र आहे, माणूस नाही. निघताना जिन्यात चंपाबेन भेटल्या. त्यांच्याशी बोलायची भाषा म्हणजे मोडकी हिंदी. रत्नप्रभा म्हणाली, "मैं मनोरी जाती. उनको बोलना, मेरी राह मत देखना." तिला म्हणायचं होतं, जेवायला थांबू नका. चंपाबेननी तिचा चेहरा बघितला, फुगलेली पिशवी बघितली आणि भलताच अर्थ घेतला.

जयवंत भाजी घेऊन जिना चढतोय तोच त्या समोर आल्या. "रतनबेन तो गई! थैला लेके गई! बोली, राह मत देखना!"

"कुठे?"

"मनोरी! दरिया में!"

जयवंतच्या हातातली पिशवी पडली आणि कांदे एकेक पायरी उतरत खाली गेले. तो तसाच वळला. अंगात घरातला शर्ट, बटणं वरखाली लागलेली, पायात मोरीतल्या सपाता. चंपाबेन म्हणाल्या, "मैं भी आती," आणि तो नको म्हणायच्या आत रिक्षात बसल्यासुद्धा. वाटेत त्यांनी जप सुरू केला. रिक्षावाल्याने विचारलं, "शेठ, कुणाचं बरंवाईट झालंय का?" जयवंतच्या डोक्यात फक्त एवढंच होतं, काल आपण आमटीचं विचारलं.

ते मार्वेच्या धक्क्यावर पोचले तेव्हा होडी सुटली होती. फार लांब गेली नव्हती. माणसं, सायकली, कोळणींच्या रिकाम्या पाट्या, आणि त्यांच्यात अबोली साडी नेसलेली रत्नप्रभा, पाठमोरी.

जयवंत ओरडला. बारा वर्षांत ती बायको झाल्यापासून तो असा ओरडला नव्हता. तोंडून निघाली तीही गावची मालवणी, जी तो मुंबईत कुणासमोर बोलत नसे. "रत्ना! खंय चललंस गो? माका सांगूक काय झाला तुका?"

ती वळली. धक्क्यावर आपला नवरा, विस्कटलेला, शेजारी हात जोडून उभ्या चंपाबेन. तिला आधी भास वाटला. मग आतून काहीतरी उसळलं.

"सांगून काय उपयोग?" ती होडीतून ओरडली. "तुम्ही म्हणणार, बरं!"

"मगे काय म्हणू? तूच सगळा बोलतंस!"

"मी बोलते कारण तू बोलत नाहीस! जयवंत, भिंतीशी संसार केलाय मी, भिंतीशी!"

नवऱ्याला नावाने, तेही अरेतुरे, भरल्या होडीत. कोळणी एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या. मधलं पाणी वाढत होतं तसा दोघांचा आवाज वाढत होता. तो म्हणाला, तुझं कपाट ढकलून माझी कंबर गेली. ती म्हणाली, कंबर गेली तर तेव्हाच बोंबलायचं होतंस. एक कोळीण उठून धक्क्याकडे तोंड करून ओरडली, "ए दादा, तिचं बरोबर हाय!" होडीवाल्याने विचारलं, "बाई, वळवू काय?"

"नको," रत्नप्रभा म्हणाली. "येईल तो पुढच्या होडीने. यायचं असेल तर."

पलीकडे उतरल्यावर ती चालायला लागली, थांबली, परत फिरली, पुन्हा चालायला लागली. तिला राग आला होता आणि हसू येत होतं, आणि तो आलाच नाही तर, ही भीतीही होती. पुढची होडी लागली. आधी चंपाबेन उतरल्या, दोन माणसांनी धरून. मग जयवंत. त्याची एक सपात पाण्यात गेली होती.

"जीव देणार होतीस?" त्याने विचारलं.

"जीव? डबा घेऊन?" तिने पिशवी उघडून दाखवली. "चपात्या आहेत. चंपाबेन, क्या बोला तुमने इनको?"

चंपाबेननी चपात्या पाहिल्या आणि एका माडाच्या बुंध्याशी मटकन बसल्या. "मेरे को तो पूछो मत," म्हणाल्या, आणि डबा उघडून खायला लागल्या.

ती दोघं रस्त्याने पुढे गेली. होडीतला जोर आता नव्हता. तिने डॉक्टरांचं काढलं. "दोघांना बोलावलं होतं. मी एकटी गेले. तुम्ही विचारलंसुद्धा नाहीत की जाताना भीती वाटली का."

जयवंत एका अनवाणी पायाने चालत राहिला. ती पुन्हा पेटणार एवढ्यात तो म्हणाला, "मला वाटलं, दोष माझ्यात निघाला तर तू बोलशील. आणि मग मी बोलेन."

"मग?"

"आमच्या घरात बोलणं सुरू झालं की पुढे काय व्हायचं तुला माहीत नाही. बाबा एक बोलायचे, आई एक. तिसऱ्याला हात उठायचा. तांब्या, पाट, जे सापडेल ते. एकदा आईचा कान फुटला. मी तेव्हाच ठरवलं होतं, बोलायचंच नाही. बोललोच नाही तर पुढचं होणार नाही."

बारा वर्षांत त्याने हे कधी सांगितलं नव्हतं. रत्नप्रभा रस्त्याच्या कडेला दगडावर बसली. जे चांगुलपण म्हणून लोक तिला सांगत आले, ती खरं तर एका पोराची भीती होती.

"आता ओरडलास ना एवढं," ती शेवटी म्हणाली. "उठला का हात?"

त्याने आपल्या हाताकडे बघितलं. "मध्ये खाडी होती."

तिला हसू फुटलं, मग त्यालाही. पण तो पुढे म्हणाला, "तुझ्या सिनेमात ठीक आहे गं. तिथे कितीही भांडली तरी कुणाला लागत नाही."

"म्हणूनच तर जाते मी," रत्नप्रभा म्हणाली. हे तिलाही बोलल्यावरच कळलं.

पुढच्या महिन्यात तो तिच्याबरोबर हॉलमध्ये आला. पडद्यावरच्या बाईने बशी उचलली तशी त्याने खुर्चीचा दांडा घट्ट धरला, रत्नप्रभाने ते अंधारातही पाहिलं. बशी भिंतीवर फुटली, नवरा खाली वाकला आणि त्याच वाक्याला जोडून त्याने पुढचा टोमणा मारला. लोक हसले. जयवंत हसला नाही, पण दांड्यावरची बोटं सैल झाली. तिसऱ्या की चौथ्या सिनेमाला तो हसला, सगळ्यांच्या मागून, एकटाच, मोठ्याने.

सगळं सुरळीत झालं असं नाही. घरी भांडायचं त्याला जमेना. मध्येच शब्द संपायचे आणि तो खाली जाऊन मैदानाला फेऱ्या मारून यायचा. एकदा तर आठवडाभर अबोला धरला. डॉक्टरांकडे दोघं गेली. दोष त्याच्यात निघाला, उपाय निघाला नाही. त्या संध्याकाळी ती बोलली, तो बोलला, दोघं रडली, आणि हात कुणाचा उठला नाही. रत्नप्रभाची अस्वस्थता गेली नाही. कपाट फिरतच राहिलं. आता एवढंच की ते ढकलताना जयवंत कुरकुरायचा, आणि ती त्याला उत्तर द्यायची.

सत्त्याऐंशीत शाळेने हॉल क्लासवाल्यांना दिला आणि क्लब बंद पडला. श्यामकांत म्हणाला, आता घरोघरी व्हिडिओ आलाय, कोण येणार? रत्नप्रभाने नाक्यावरच्या व्हिडिओ लायब्ररीत जाऊन भांडाभांडीचे जुने सिनेमे मागितले. मालकाने तिला मारामारीचा दाखवला.

एकोणनव्वदच्या गणपतीनंतर जयवंतची आई कणकवलीहून राहायला आली. आता फार थकली होती. एका कानाने ऐकू येत नव्हतं. दुसऱ्याच दिवशी जेवताना नवरा-बायकोची जुंपली, कारण अगदीच क्षुल्लक, गॅसचा नंबर कुणी लावायचा होता. रत्नप्रभा म्हणाली, "तू म्हणालास मी लावतो." तो म्हणाला, "मी म्हणालो बघतो. बघतो आणि लावतो यात फरक आहे." आवाज चढले. तेवढ्यात रत्नप्रभाचं लक्ष गेलं. म्हातारीने ताटावरून हात काढला होता आणि समोरचा तांब्या हळूच उचलून आपल्या पाठीमागे ठेवला होता.

जयवंतनेही ते पाहिलं. तो उठला, आईजवळ पाटावर बसला, तिच्या चांगल्या कानाशी वाकून म्हणाला, "आये, हयसर कोण कोणाक मारणा नाय. आमी नुसती भांडतव. तू जेव."

म्हातारीने आधी त्याच्याकडे, मग सुनेकडे पाहिलं. कुणी काही उचलत नव्हतं. रत्नप्रभाने तिला आमटी वाढली. थोड्या वेळाने म्हातारीने भात कालवायला घेतला.

"मग नंबर कोण लावणार?" रत्नप्रभाने विचारलं, जरा हळू आवाजात.

"मी बघतो."

"चूक तुझीच आसा रे, जयवंता," म्हातारी घास घेत म्हणाली. "बायलेक सांगितलंस तर कर मगे."

"आये, तू मध्ये पडू नको."

"पडतलंय," म्हातारी म्हणाली, आणि मग जेवण संपेपर्यंत तिघंही बोलतच होती.