वायपरची नळी

पेट्रोलच्या गाडीत रॉकेल मिसळलं की धुराला वास येतो आणि चढावर इंजिन टकटक वाजायला लागतं. चाकणच्या बाजारात हे फारसं कुणाला माहीत नव्हतं. तरी त्या वर्षी दसऱ्यानंतर सगळा बाजार माझ्या रॉकेलवर बोलत होता. एकोणीसशे पन्नास-साठच्या दरम्यानची गोष्ट आहे. त्यातली बरीच माणसं आता नाहीत, पण माझा राग शाबूत आहे.

मी एका कांद्याच्या अडत्याच्या ट्रकवर ड्रायव्हर होतो. ट्रक लष्कराच्या लिलावातला, पेट्रोलवर चालणारा. चाकणहून कांदा-बटाट्याच्या गोणी भरायच्या आणि महाळुंगे, इंदुरीवरून तळेगाव स्टेशनला नेऊन वॅगनमध्ये चढवायच्या, हे माझं काम. मालक माणूस हुशार, तोंडाचा गोड आणि हाताचा फार आखडता. दुकानात सुतळीचा तुकडासुद्धा वाया जाऊ द्यायचा नाही. मला त्याचं कौतुक होतं, हे आज लिहिताना जिवावर येतं.

दसऱ्याला मी आठवडाभर गावी गेलो. परत आलो तर गाडीच्या बोनेटवर झेंडूचा वाळलेला हार, रेडिएटरला हळदीकुंकू, आणि इंजिनाची तऱ्हाच बदललेली. पळताना ठीक पळायची. पण उभी केली की सगळं अंग थरथरायचं, धाडधाड करायची आणि बंद पडायची. तेही कुठे, तर भर बाजारात, बैलगाड्यांच्या मधोमध. मग मी उतरायचं, समोर जाऊन हँडल मारायचं, आणि मागच्या गाडीवानांनी माझा उद्धार करायचा.

मी प्लग काढून घासले. पॉइंट साफ केले. कार्बोरेटर खोलून तोंडाने फुंकून जेट मोकळे केले, उभ्या गाडीचा वेग ठरवणारा स्लोचा स्क्रू आत-बाहेर करून पाहिला. काही फरक नाही. एक गोष्ट मात्र लक्षात आली. चोक अर्धा ओढून धरला की गाडी शहाण्यासारखी चालायची. चोक ओढला म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त. त्यावर ती सुधारते, याचा अर्थ कुठून तरी फुकटची हवा आत शिरते आहे. मी हे मालकाला जाऊन सांगितलं.

मालक गादीवर बसला होता, समोर दोन-तीन व्यापारी. तो त्यांच्याकडे बघून हसला. "ऐकलं का? पेट्रोल जास्ती जातंय, गाडी बंद पडतीय, आन् ह्यो म्हणतोय हवा शिरतीय. आता हवेवर ढकलतोस व्हय रे?"

"मालक, पेट्रोल जास्ती जातंय ते चोक वढून चालवावी लागतीय म्हणून."

"का रॉकेल वततोस म्हणून?"

हमाल पाठीवरची गोणी तशीच घेऊन थांबला. मला वाटलं, हा थट्टा करतोय. पण तो थट्टा करत नव्हता. म्हणाला, "पुण्याच्या गाड्यांवर ड्रायव्हर लोक हेच करत्यात. पेट्रोल काढायचं, इकायचं, रॉकेल वतायचं. मग गाडी थरथरंल न्हाई तर काय करंल?"

मी म्हणालो, टाकीत नाक घालून वास घ्या. कुणीही उठलं नाही. वास घेतला असता तर बोलायला काही उरलं नसतं ना! संध्याकाळपर्यंत पानाच्या गादीवर, तोलाईच्या काट्यापाशी, सगळीकडे रॉकेल झालं होतं. कालपर्यंत मला भाऊ म्हणणारे लोक माझ्यासमोर काडी ओढताना "जरा लांब, भडका उडंल" म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी मालकाचा निरोप आला. येत्या बाजारच्या दिवशी खंडोबाच्या देवळात चारचौघांसमोर बेलभंडारा उचल, नाहीतर गाडीची चावी ठेव. देवापुढचा बेल आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन खोटं बोलायची आमच्या भागात कुणाची छाती होत नाही. शपथ घ्यायला मी भीत नव्हतो. पण शपथ चोराला घालतात. मी एकदा का तो भंडारा उचलला, की सुटलो तरी संशयातून सुटलेला माणूस म्हणून राहणार. आणि न उचलावा तर चोरच. माझ्या बायकोने मला सरळ विचारलं, "तुमी न्हाई ना केलं?" तिचा विश्वास होता, तरी तिने विचारलं. त्या एका प्रश्नासाठी मी मालकाला अजून माफ केलेलं नाही.

मी गाडी नदीकाठी बाभळीखाली नेऊन लावली आणि बोनेट उघडून बसलो. इंजिन चालू ठेवून, बंद पडलं की पुन्हा हँडल मारून, मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्बोरेटरमधून मिश्रण इंजिनात नेणाऱ्या बिडाच्या नळीच्या, प्रत्येक सांध्यावर तेलाचा थेंब टाकत गेलो. जिथे फट असेल तिथे तेल आत ओढलं जातं आणि इंजिनाचा आवाज क्षणभर बदलतो. सांधे सगळे धड निघाले. मग नुसत्या हाताने चाचपत मागच्या बाजूला गेलो, जिथे डोळ्यांना काही दिसत नाही. तिथे माझं बोट खेचलं गेलं. खेचलं गेलं आणि त्याच क्षणी थरथर थांबून इंजिन एकसारखं चालायला लागलं.

बोटाखाली पितळी तोटी होती, उघडी. त्या गाडीचा वायपर इंजिन हवा आत ओढतं त्या ओढीवर हलायचा. त्या तोटीपासून काचेपर्यंत एक रबरी नळी जायची. ती नळीच गायब होती.

नळी कुठे असेल हे मला तिथल्या तिथे कळलं. पाऊस संपला की आमच्याकडे इरली, घोंगड्या, छत्र्या नीट गुंडाळून माळ्यावर जातात. मालक त्यांच्याबरोबर गाडीचे वायपरही ठेवायचा. दरवर्षी मी नुसते दांडे काढून द्यायचो. यंदा मी गावी, म्हणून त्याने स्वतः काढले, आणि उन्हाने रबर तडकेल म्हणून नळीही उपसून घेतली. काचेवर वायपर नाहीत यात दसऱ्यानंतर कुणालाच नवल वाटत नाही, मलाही वाटलं नाही.

बाजारच्या दिवशी मी गाडी देवळासमोर आणून उभी केली. लोक जमलेच होते, तमाशा कुणाला नको असतो? मी तोटीवर अंगठा ठेवला, गाडी एकसारखी चालली. अंगठा उचलला, गाडी थडथडायला लागली. असं पुन्हा पुन्हा केलं. मग म्हणालो, "मालक, माळ्यावरच्या छत्रीत वायपरची नळी हाय का बघून या. नसंल तर मी बेलभंडारा उचलतो."

मालकाचा चेहरा पडला. माळ्यावर जायची गरजच उरली नाही. लोक हसले. मी वाट बघत उभा राहिलो. चोर म्हणायला जेवढा आवाज लावला होता, तेवढ्याच आवाजात "माझी चूक झाली" एवढंच मला ऐकायचं होतं. तो जवळ आला, खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, "चल घरी, च्या घिऊ. झालं गेलं सोड."

"हितंच बोला," मी म्हणालो.

"आता लोकांत कशाला वाढवतोस?"

लोकांत कशाला! मी चावी काढली आणि देवाच्या पायरीवर ठेवली. पुढे पिंपरीला एका कारखान्याच्या गाडीवर लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो.

परवा महाळुंग्याला नातीच्या साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत त्या बाजारातला तोलाईवाला भेटला, माझ्याच वयाचा. त्या दिवशी देवळासमोर तो पहिल्या रांगेत होता. त्याने मुलाकडच्या मंडळींना मोठ्या कौतुकाने माझी ओळख करून दिली. "ह्ये आमच्या चाकणच्या बाजारातलं जुनं ड्रायव्हर. रॉकेलवालं!"

"आणि वायपरची नळी?" मी विचारलं. "ती सांग की."

"कसली नळी?" तो म्हणाला.

मी हातातला घास ताटात ठेवला आणि शेवटच्या पाटापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.