बुडालेल्या रजा

साबणाच्या कारखान्यात त्याला सगळे वाफेबुवा म्हणत. बॉयलरपाशी त्याने उभा जन्म काढला होता. रजेचं नाव काढलं की कपाळाला आठ्या. "मी नसलो तर हे धूड फुटेल," म्हणायचा. फुटतंय कसलं! बदलीचा माणूस होता, चांगला शिकलेला होता, पण याचा कुणावर विश्वास बसेल तर ना. दरवर्षी हक्काची भरपगारी रजा मिळायची, वर्ष सरताना बुडायची, आणि बायकोला दिलेला शब्दही रजेबरोबर बुडायचा. शब्द एवढाच, की तुला समुद्र दाखवीन.

मग बायकोची नजर विझू लागली. डॉक्टर म्हणाले, थोडे महिने दिसेल, पुढचं काही सांगता येत नाही. तेव्हा कुठे गडी हलला. सकाळीच ऑफिसात गेला.

रजेचं काम बघणाऱ्या बाईंनी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "रजा हा तुमचा हक्क आहे हो, कंपनीचा उपकार नाही. आणि ती साठवून पुढे नेता येत नाही. इतकी वर्षं कशाला बुडवत बसलात?"

"बुडालेल्या रजा जातात कुठे?" त्याने आपलं गमतीने विचारलं.

बाई हसल्या नाहीत. "कुणीतरी वापरत असेल," म्हणाल्या आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

समुद्राची तिकिटं खिशात आणि न उघडलेला डबा हातात घेऊन तो घरी निघाला. कामाच्या दिवशी, भर उन्हात, आपला जिना त्याने कधी पाहिलाच नव्हता. मधल्या मजल्यावर शेजारचे आजोबा बुद्धिबळाचा पट मांडून बसले होते.

"या. परवा तुमचा घोडा अडकला होता, सुचलं का काही?"

"मला बुद्धिबळ येत नाही, आजोबा."

"हरायला लागलात की असंच म्हणता," आजोबा म्हणाले आणि त्याच्यासाठी सरकून जागा केली. तो कसाबसा बाजूने वर गेला.

दार बायकोने उघडलं. "आज उशीर केलास."

लग्न झाल्यापासून ती त्याला अहो-जाहोच करत आली होती.

तिने चहा निळ्या काठाच्या कपात दिला. हा कप त्याचा नव्हता. खिडकीपाशी एक खुर्ची होती, तिचे हात कुणाच्या तरी बसण्याने गुळगुळीत झाले होते. खिडकीत शिंपले होते, आणि त्यांच्या खाली वाळू सांडली होती. रात्री थकून अंथरुणावर पडणाऱ्या माणसाला यातलं काय दिसणार, कपाळ?

त्याने डबा आणि तिकिटं टेबलावर ठेवली. "समुद्रावर जाऊ. आजच."

"परत?" ती हसली. "लाट पायाखालची वाळू ओढायला लागली की मी अजून घाबरते. घट्ट धरशील ना मागच्यासारखं?" आणि तिने त्याचा हात हातात घेतला.

त्या तळव्यावर बॉयलरने भाजल्याचे जुने चट्टे होते. तिची बोटं त्यांच्यावरून फिरली आणि थांबली. तिने हात सोडला.

"अगंबाई, तुम्ही होय? या वेळी कसे? बॉयलर कुणावर सोडलात?"

पाहुण्याशी बोलावं तसं बोलली. त्याला रडूच फुटलं. "मी रजा घेतलीय गं. तुझ्यासाठी."

"फार वाट पाहिली हो तुमची," ती म्हणाली. तिलाही वाईट वाटत होतं, ते आवाजात कळत होतं. "मग तो यायला लागला. दर रजेला येतो."

जिन्यात पावलं वाजली. मधल्या मजल्यावर आजोबा कुणाशी तरी बोलले. मग खोकला आला, वाफेत जन्म काढलेल्या माणसाचा. आपला खोकला त्याने ओळखला.

तिने केसांवरून हात फिरवला. तिचा चेहरा असा उजळलेला त्याने लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. चाचपडत तिने टेबलावरचा डबा उचलला आणि त्याच्या हातात दिला.

"तुम्ही निघा आता. कामाला उशीर होईल."

कुलपात किल्ली फिरली. ती दाराकडे वळून म्हणाली, "आलास?"